फीशा कोणाची? एका जुन्या गाडीच्या कपलरचा इतिहास



गाडीच्या वायरिंगमधल्या अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एवढं लांबण लावतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण तो तुकडा शोधता शोधता इतका इतिहास हाती लागला की तो एकट्याने ठेवून घेणं बरं वाटेना. शिवाय आपल्यापैकी काही जणांकडे जुनी गाडी आहे, आणि काहींच्या घरी अजून ताडपत्रीखाली वडिलांची पद्मिनी उभी आहे. त्यांना उपयोग होईल.

माझ्याकडे १९८१ ची डॅटसन २८० झेडएक्स आहे. दोन दारं, लांब नाक, सहा सिलिंडर. मूळ अमेरिकेसाठी बनलेली, तिथून कुणीतरी जेद्दाला आणली आणि हातोहात फिरत ती मक्केला माझ्या दारात आली. २०१८ च्या उन्हाळ्यात एका दुपारी अझीझियाच्या रस्त्यावर ती अडखळायला लागली. सिग्नलला थांबली की थरथरायची, ॲक्सिलरेटर दिला की दम टाकायची. कशीबशी घरी आणली, बॉनेट उघडलं, आणि तिसऱ्या इंजेक्टरच्या प्लगला नुसतं बोट लावलं तर तो पापडासारखा चुरला. हातात दोन उघड्या वायरी राहिल्या. बाकीचे पाचही त्याच वाटेवर होते.

आता हा प्लग म्हणजे काय, तर वायर आणि इंजेक्टर यांना जोडणारा कनेक्टर. आपल्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन त्याला 'कपलर' म्हणतात. इथले अरब म्हणतात 'फीशा'. आणि गाडीतल्या सगळ्या वायरींचा जो जुडगा असतो, ज्याला आपण वायरिंग किंवा हार्नेस म्हणतो, त्याला अरबीत शब्द आहे 'दफीरा', म्हणजे चक्क वेणी! इंग्रजी हार्नेस म्हणजे घोड्याचा साज आणि अरबी दफीरा म्हणजे बाईची वेणी. मला अरबी शब्द जास्त पटतो, कारण वेणी हातानेच घालावी लागते. त्याच्याकडे पुढे येतो.

शोधाला सुरुवात केली. एका दुकानात सांगितलं, हा भाग केव्हाच बंद झाला. दुसरीकडे म्हणाले, सुटी फीशा मिळत नाही, अख्खी दफीरा घ्या, आणि ती आमच्याकडे नाही. सनाइयात, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या वस्तीत गेलो तर एक मेकॅनिक म्हणाला, "वायर कापतो, इंजेक्टरच्या पिनेला पिळा मारतो, वर टेप. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं खरंच होतं. पण जरा विचार करा. इंजेक्टरच्या डोक्यावर अडीच बार दाबाने पेट्रोल असतं आणि या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन्ही एकाच बाजूला असल्यामुळे इंजेक्टर तापलेल्या एक्झॉस्टच्या बरोब्बर वर येतात. तिथे पिळा ढिला होऊन ठिणगी पडली तर गाडी जळायला तेवढंच पुरे. मी नको म्हटलं. पण वार्षिक 'फहस' तोंडावर आली होती, आणि ती पास झाल्याशिवाय गाडीचा इस्तिमारा नवा होत नाही. म्हणजे महिन्याभरात मार्ग काढायचा, नाहीतर गाडी मोडीत.

मार्ग काढला एका चाचांनी. खेडकडचे, सत्तरीच्या अलीकडचे, तीसेक वर्षं मक्केत गाड्यांच्या वायरिंगचं काम केलेलं. त्यांच्यासमोर तुकडे ठेवले आणि गाडीचं नाव, मॉडेल, वर्ष सगळं सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"अरे बाबा, गाडी कोणाची ते मला कशाला सांगतोस? फीशा कोणाची ते बघ."

हे वाक्य तेव्हा कोड्यासारखं वाटलं. त्याचा अर्थ कळायला मला कनेक्टरचा सगळा इतिहास वाचावा लागला. तोच थोडक्यात सांगतो.

अगदी सुरुवातीच्या गाड्यांमध्ये वीज फारशी नव्हतीच. ठिणगीपुरती सोय असायची, दिवे ॲसिटिलीनचे, आणि इंजिन हाताने हँडल मारून चालू करायचं. १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर बसवला आणि तिथून बॅटरी, डायनामो, दिवे, हॉर्न असं सगळं गाडीत घुसलं. जोडणी मात्र साधी होती. वायरीच्या टोकाला स्क्रू किंवा डाख. वायरी मोजक्या होत्या, त्यामुळे भागत होतं.

इंग्रजी गाड्यांत लुकास कंपनीची 'बुलेट' जोडणी आली. वायरीच्या टोकाला पितळेची गोळी, आणि दोन गोळ्या रबराच्या नळीतल्या पितळी बाहीत दोन्हीकडून खुपसायच्या. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली आपली अँबॅसडर याच घराण्यातली. पावसाळ्यात हेडलाइट गेला की ड्रायव्हर उतरून मडगार्डवर थाप मारायचा आणि दिवा लागायचा, आठवतंय ना? ती थाप म्हणजे गंजलेल्या जोडणीची जागा जरा हलवणं, दुसरं काही नाही. लुकासला इंग्लंडात लोक 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून चिडवायचे. पण खरं सांगायचं तर बल्बला थोडी कमी वीज मिळाली तर तो मंद जळतो इतकंच. त्यामुळे जोडणी बरी असली तरी चालत असे, उत्तम असण्याची गरज नव्हती.

दुसरा धागा विमानांचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला विमानं आणि जहाजं ढिगाने बांधायची होती आणि प्रत्येकात वायरींच्या असंख्य जोडण्या. डाख देणारे कारागीर आणायचे कुठून? शिवाय डाखात एक खोट आहे. वितळलेलं कथील वायरीच्या तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि सतत थरथर बसली की जिथे कडक भाग संपतो तिथेच वायर तुटते. १९४१ मध्ये अन्कस व्हिटेकर यांनी एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. हीच पुढची 'अँप'. तिचा मंत्र एकच : डाख नको, दाबा. धातूची छोटी टोपी वायरीवर ठराविक मापाच्या अवजाराने इतकी दाबायची की तारा आणि टोपी एकजीव होतील आणि मध्ये हवाही शिरणार नाही. याला क्रिंप म्हणतात. माणूस नवखा असला तरी अवजार नेमकं असलं की जोड नेमका होतो.

युद्ध संपल्यावर हीच विद्या कारखान्यांत आणि गाड्यांत उतरली. चपटी पात आणि तिला पकडणारी खोबण असे जोड सर्वत्र झाले. त्यांची मापं अर्थातच अमेरिकन इंचात होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचा पुढे उपयोग आहे.

तिसरा धागा पेट्रोलचा. १९५८ मध्ये क्रायस्लरने काही गाड्यांत बेंडिक्स कंपनीची 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाची विजेची इंजेक्शन पद्धत बसवून पाहिली. कल्पना फार पुढची, पण त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग उष्णता आणि थरथर सोसणारे नव्हते. बहुतेक गाड्यांना नंतर मुकाट्याने कार्ब्युरेटर बसवून दिले गेले. त्या कल्पनेचे हक्क पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेले. अमेरिकेत धुराचे नियम कडक होत होते, तेव्हा १९६७ मध्ये बॉशने फोक्सवागनच्या १६०० गाडीत 'डी-जेट्रॉनिक' आणली आणि १९७० च्या दशकात तिची सुधारलेली बहीण 'एल-जेट्रॉनिक'.

इथे जोडणीचं महत्त्व एकदम बदललं. इंजेक्टर म्हणजे विजेने उघडणारी छोटी तोटी. ती हजारांश सेकंदांच्या हिशेबाने उघडते आणि मिटते. माझ्या गाडीच्या इंजेक्टरचा विरोध जेमतेम दोन-तीन ओहम. प्लगच्या आत गंज चढून अर्धा-एक ओहम वाढला तरी तोटी उशिरा उघडते आणि त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतं. अँबॅसडरच्या मडगार्डवरची थाप इथे कामाची नाही. म्हणून बॉशच्या इंजेक्टरसाठी अँपच्या 'ज्युनिअर पॉवर टायमर' घराण्यातला प्लग आला. दोन पिना, पातीची रुंदी २.८ मिलिमीटर, आत क्रिंप केलेली टोकं, मागे रबराची टोपी आणि वर तारेची छोटी क्लिप.

मग हा जर्मन-अमेरिकन प्लग जपानी डॅटसनमध्ये कसा? तर १९७३ मध्ये बॉश, निस्सान आणि डीझेल किकी यांनी मिळून जपानमध्ये 'जेक्स' ही कंपनी काढली. बॉशच्या परवान्याखाली ती इंजेक्शनचे भाग बनवू लागली. १९७५ च्या डॅटसन २८० झेडमध्ये एल-जेट्रॉनिक आली आणि तिच्याबरोबर तो प्लगही आला. माझी २८० झेडएक्स ही तिची धाकटी बहीण.

आता चाचांच्या वाक्याचा अर्थ लागतो. निस्सानच्या नावाने मी शोधत होतो तो भाग मुळात निस्सानचा नव्हताच. तोच प्लग फोक्सवागन, पोर्शे, बीएमडब्ल्यू, ओपेल, व्होल्वो अशा कितीतरी गाड्यांत बसलेला होता. इतकंच नव्हे, माझ्याच गाडीत पाण्याचं तापमान बघणाऱ्या सेन्सरलाही तोच. गाडी १९८३ ला बंद झाली, पण प्लगचं घराणं आजही बनतंय. गाडीवाला विचारतो, माझ्या मॉडेलचा भाग आहे का? दुकानदार म्हणतो, नाही. दोघंही खरं बोलतात आणि भाग मात्र शेजारच्या खोक्यात पडलेला असतो!

सगळेच कपलर असे जागतिक नसतात. झेडएक्सच्या दिव्यांचे, स्विचचे, रिलेचे कपलर जपानी घराण्यातले आहेत. तिथे याझाकी आणि सुमितोमो या दोन मोठ्या कंपन्या. त्यांची वर्गवारी ०७०, ०९०, ११०, २५० अशा आकड्यांनी होते. मी बरेच दिवस समजत होतो की हे मॉडेलचे नंबर असतील. तसं नाही, ती पातीची रुंदी आहे, इंचाच्या हजारांश भागात. ०९० म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर, ११० म्हणजे २.८ आणि २५० म्हणजे ६.३. जपान इंच वापरत नाही, तरी आकडे इंचाचे, कारण ही विद्या अमेरिकेतून आली. व्हर्नियर कॅलिपर घ्या, पात मोजा, पिना मोजा, खटका कुठल्या बाजूला आहे ते बघा, की निम्मा शोध संपला.

तर पुढे काय केलं? आधी चाचांबरोबर जेद्दाच्या तशलीहला गेलो. तशलीह म्हणजे मोडीतल्या गाड्यांचा बाजार, रांगाच्या रांगा, कंपनीप्रमाणे लावलेल्या. तिथे एका जुन्या जर्मन गाडीवर तोच प्लग सापडला. आनंदाने दाबला तर तोही चुरला! चाचा हसले. "ऊन तेच, नायलॉन तेच. दुसरं काय होणार?"

बरोबर होतं. हे प्लग नायलॉनचे. नायलॉन हवेतलं थोडं पाणी धरून ठेवतं आणि त्यामुळे लवचीक राहतं. कोरड्या उष्णतेत ते पाणी जातं, वर्षानुवर्षांच्या तापाने खुद्द नायलॉनही खराब होतं आणि ठिसूळ बनतं. मक्का डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात आहे. २०२४ च्या हजच्या वेळी हरमजवळ ५१.८ अंश तापमान नोंदलं गेलं. बाहेर एवढं, तर बंद इंजिनाच्या वर काय असेल? खुद्द कंपनीलाही हा त्रास ठाऊक असावा, कारण नंतरच्या २८० झेडएक्सना इंजेक्टरवर वारा घालायला छोटा पंखा दिलेला होता.

म्हणजे जुना भाग नको, नवाच हवा. मग चाचांनी दुसरी किल्ली दिली. "इंडियात कोणी आहे? सीएनजी किटवाल्याकडे विचार. बॉश टाइप दे म्हणायचं."

ही युक्ती मला कुठल्याच पुस्तकात सापडली नसती. गाडीला सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवताना पेट्रोलच्या इंजेक्टरचा प्लग काढून मध्ये किटची वायर घालावी लागते. म्हणून किटबरोबर तयार प्लग येतात, कुठल्या गाडीचे म्हणून नव्हे, तर 'बॉश टाइप', 'जपानी टाइप' अशा घराण्यांच्या नावाने. किटवाल्यांनी चाचांचाच हिशेब लावलेला. जेद्दातला एक पुणेकर मित्र सुट्टीवर गेला होता. त्याला फोन केला. तो नाना पेठेत गेला, दोन दुकानं हिंडला आणि बारा प्लग, रबराच्या टोप्या आणि क्रिंपची टोकं घेऊन आला. किंमत ऐकून मला हसू आलं. जेद्दाहून टॅक्सीने जायला-यायला त्याहून जास्त लागतात.

तो मित्र मुसलमान नाही, त्यामुळे मक्केत येऊ शकत नाही. शुमेसीच्या नाक्याच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर आम्ही भेटलो. त्याने प्लगची पुडी दिली, वर चितळ्यांची बाकरवडी. मी त्याला खजूर दिले. पंधरा वर्षांची ओळख आमची, आणि माझी गाडी त्याने पाहिली ती त्या दिवशीच्या फोटोतच.

पुण्यात हे मिळावं यात नवल नाही. १९९७ मध्ये टाटा आणि याझाकी यांनी पुण्यात एकत्र येऊन वायरिंग हार्नेसची कंपनी काढली होती, आणि त्याआधी १९८६ मध्ये मदरसनने सुमितोमोशी हात मिळवला होता. गाडीतली बाकी कामं यंत्रमानवाकडे गेली, पण हार्नेस अजून माणसंच विणतात. मोठ्या फळीवर खुंट्या ठोकलेल्या, त्यावर नकाशाप्रमाणे एकेक वायर अंथरायची, टेप गुंडाळायची, कपलर भरायचे. वेणीच ती! मऊ लोंबती वायर यंत्राच्या हाताला नीट धरता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध आलं तेव्हा तिथले हार्नेसचे कारखाने थांबले आणि मार्चमध्ये जर्मनीत फोक्सवागन, पोर्शे, बीएमडब्ल्यूच्या काही ठिकाणी गाड्या बनणं थांबलं. इंजिनं होती, पत्रे होते, वेणी नव्हती.

असो. काम आम्ही एका शुक्रवारी रात्री केलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. वायरीचा काळा पडलेला भाग तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापला. रबराची टोपी आधी वायरीत ओवायची, हे मी एकदा विसरलो आणि बोलणी खाल्ली. मग टोक क्रिंप, ओढून बघायचं, आणि 'टक्' आवाज येईपर्यंत प्लगमध्ये सारायचं. या इंजेक्टरना दोन वायरींची अदलाबदल झाली तरी चालते, पण चाचांनी तरीही रंग राखायला लावले, पुढच्या माणसासाठी. सहाच्या सहा बदलले, सेन्सरचाही. गाडी पहिल्या फटक्यात लागली आणि आठवड्याभरात फहस पास झाली.

गोष्ट इथे संपली असती, पण खरी रुखरुख पुढेच आहे.

जुलै २०१७ पासून इथे परदेशी माणसाच्या कुटुंबातल्या प्रत्येकामागे महिना १०० रियाल फी सुरू झाली होती आणि ती दरवर्षी १०० ने वाढून २०२० मध्ये ४०० वर जायची होती. जानेवारी २०१९ पासून गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत बहुतांश नोकऱ्या सौदी नागरिकांसाठी राखीव झाल्या. त्यांच्या देशात त्यांच्या मुलांना काम मिळावं, यात गैर काही नाही. पण काउंटरवरचे जे जुने लोक होते, केरळचे, येमेनचे, आपल्या कोकणातले, ते एकेक करून खुरूज लावून घरी गेले. भाग हातात घेऊन नुसत्या बोटांनी 'हा अमक्याचा' सांगणारी माणसं ती. त्यांची विद्या कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हती.

कंपन्याही आता जाग्या झाल्या आहेत म्हणा. २०१७ मध्ये निस्सानने जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे भाग पुन्हा बनवायला घेतले, माझदा आणि टोयोटानेही आपल्या काही नामवंत मॉडेलसाठी तसं केलं. पण ते मोजक्या लाडक्या गाड्यांपुरतं. बाकीच्यांना अजून चाचांसारख्यांचाच आधार.

चाचा २०१९ च्या उन्हाळ्यात गेले. जाताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मला देऊन गेले. आत साठ-सत्तर जुने कपलर, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर शाळेतल्या वळणदार मराठी अक्षरात पातीचं माप, पिना किती आणि 'हीच फीशा अमक्या गाडीच्या तमक्या सेन्सरला'. तीस वर्षांचं काम त्या डब्यात होतं. मी ते सगळं मोजून, फोटो काढून वहीत उतरवलं आहे. चाचांना फोनवर वाचून दाखवतो तेव्हा ते दोन-तीन चुका काढतातच. गेल्या वेळी एका कपलरबद्दल त्यांनाच आठवेना, आणि बराच वेळ दोघंही गप्प राहिलो.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावी, तुमच्या पेठेत असा कोणी जुना वायरमन, रेडिओवाला, शिलाई मशीन दुरुस्त करणारा असेल तर या सुट्टीत त्याच्याकडे तासभर बसा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. माप, नाव, कशाला काय चालतं, एवढंच. आणि कुणाला २.८ मिलिमीटरचे दोन पिनांचे प्लग हवे असतील तर माझ्याकडे अजून पाच शिल्लक आहेत. शुमेसीच्या अलीकडे आणून देईन.

कळावे, लोभ असावा.

मक्केहून आपला एक डॅटसनवाला